राखून ठेवलेली कादंबरी

एकाच लेखकावर जीव असलेली माणसं दर आठवड्याला एका खोलीत बसू लागली, की त्या लेखकाबद्दलची माहिती फारशी वाढत नाही, किस्से मात्र वाढतात. पुस्तकं तेवढीच राहतात; त्यांच्याभोवती बसणारी माणसं दर शनिवारी काहीतरी करून किंवा बोलून ठेवतात. मी तर्कशास्त्र शिकवण्यात सगळं आयुष्य घालवलेली बाई. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास बेताचाच. तेव्हा इथे सांगते आहे ते माझ्यासमोर घडलेलं आहे, आणि जिथे मी नव्हते तिथे तसं स्पष्ट सांगेन.

लेखकाचं नाव मात्र लिहिणार नाही. ते नाव उच्चारलं की पुण्यात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "वा." दुसरा म्हणतो, "वाचवत नाही हो." दोघांनीही बहुधा वाचलेलं नसतं. एवढंच सांगते, की ते मराठीत लिहीत, आता हयात नाहीत, आणि दाराशी आलेला माणूस बेल का वाजवत नाही ह्यावर ते अख्खं प्रकरण लिहू शकत. त्या प्रकरणात काहीही घडत नाही. वाचून झाल्यावर पुढचे काही दिवस आपल्याला कोणाच्याही दाराची बेल सरळपणे वाजवता येत नाही. हे सुख म्हणायचं की त्रास, ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही.

*

वसुधाबाई मला एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकवत. मी तेव्हा विशीतली, आणि माझं कोणाहीबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. बाईंनी ह्या लेखकाची एक कादंबरी मला वाचायला दिली. आठवड्याने ती परत करताना मी म्हटलं, "बाई, ही कादंबरी नव्हे. हे युक्तिवाद आहेत, फक्त त्यांना माणसांची नावं दिलेली आहेत. आणि त्यातले दोन सदोष आहेत."

बाईंनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला नाही.

"कोणते दोन?"

मला एकच सांगता आला. दुसरा नेमका दाखवायचा म्हणून पुस्तक परत घरी नेलं. सबंध उन्हाळ्याची सुट्टी तो सापडला नाही. एखाद्या पात्राला मी चुकीचं ठरवावं, तर पुढच्या पानावर दुसरं कोणीतरी त्याला माझ्याच शब्दांत चुकीचं ठरवत असे, आणि मग माझेच शब्द मला पटेनासे होत. कॉलेज उघडल्यावर मी बाईंना गाठलं.

"दुसरा दोष मिळाला नाही. ह्यांचं आणखी एखादं पुस्तक आहे का?"

बाईंनी कपाट उघडता उघडता विचारलं, "पहिला तरी नक्की दोष होता का?"

मी दुसरं पुस्तक घेऊन निघाले. त्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

*

शफीभाईंचं चष्म्याचं दुकान रविवार पेठेत आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. वसुधाबाई त्यांच्या वडिलांच्याही गिऱ्हाईक. हा किस्सा मी पाहिलेला नाही, शफीभाईंकडून ऐकला आहे. बाईंनी तो कधी नाकारला नाही, एवढाच त्याचा पुरावा.

नंबर तपासताना भिंतीवरच्या अक्षरांवर बाईंचा विश्वास नसे. त्यांचं म्हणणं, "ती मला पाठ आहेत. मग ती मला दिसतायत की आठवतायत, हे तुम्ही कसं ठरवणार?" म्हणून त्या पिशवीतून आपल्या ह्या लेखकाची कादंबरी काढत आणि तिच्यावरच डोळे तपासून घेत. नाकावर ती जड चौकट, हातात पुस्तक, आणि शफीभाई एकेक भिंग बदलतायत, असा कार्यक्रम चाले.

एकदा बाई वाचतच राहिल्या. पान उलटलं. आणखी एक उलटलं. मागे गिऱ्हाईकं ताटकळलेली. शेवटी शफीभाईंनी अदबीने विचारलं, "बाई, दिसतंय का?"

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "पटत नाहीये."

शफीभाईंनी चष्मा तयार केला, स्वतः घरी नेऊन दिला, आणि दारातच विचारलं, "बाई, त्या दिवशी न पटलेलं काय होतं?" ते आत आले ते आलेच. तेव्हापासून दर शनिवारी दुकान भाच्यावर सोडून येतात.

*

बैठक भरते ती बिबवेवाडीत, बाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. नियम बाईंनी केलेले. शनिवारी पाच वाजता एकाने मोठ्याने वाचायचं. बाकीच्यांची पुस्तकं मिटलेली. प्रकरण संपेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. खोकला आला तर गॅलरीत जायचं. "मधे बोलणारा माणूस लेखकाशी बोलत नसतो," बाई म्हणत, "शेजारच्याशी बोलत असतो." स्वतः बाईंनी हा नियम कधी मोडला नव्हता.

ह्या नियमामुळेच आम्हाला बबनराव मिळाले. बाईंची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती पूर्वी बबनरावांच्या घराण्याची. जमिनीच्या बदल्यात मिळालेले दोन फ्लॅट त्यांच्याकडे आहेत, म्हणून सोसायटीच्या मीटिंगला ते न चुकता येत. त्या शनिवारी मीटिंग तिसऱ्या मजल्यावर होती. बबनराव एक मजला कमी चढले.

दार उघडं, आत माणसं खुर्च्यांवर बसलेली, शफीभाई काहीतरी वाचून दाखवतायत. बबनराव "रामराम" म्हणाले. कोणी उत्तर दिलं नाही. गंभीर विषय चालू असणार, असं समजून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. प्रकरण असं होतं: एका माणसाची स्मृती पार गेलेली आहे, आणि त्याने पूर्वी दिलेला शब्द आता त्याच्यावर बंधनकारक आहे का, ह्यावर त्याचे दोन भाऊ वाद घालतायत. बबनरावांनी ते शेवटपर्यंत, हाताची घडी घालून, ऐकलं.

प्रकरण संपलं. बाईंनी नव्या माणसाकडे वळून विचारलं, "आपल्याला काय वाटतं?"

"ते समदं बरोबर हाय," बबनराव म्हणाले, "पन पान्याच्या टाकीचं कधी निघनार?"

खुलासा झाला. बबनराव ओशाळून वर गेले. पुढच्या शनिवारी पाचच्या आधीच दारात हजर. शफीभाई म्हणाले, "काका, टाकीची मीटिंग वरती."

"टाकीचं ऱ्हाऊ द्या. त्या शब्द दिलेल्या मानसाचं पुढं काय झालं तेवढं सांगा."

"सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

*

राजश्री आमच्यात सर्वांत लहान. बाईंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते आणि खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते. शनिवारीही ऑफिस असलं की स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत येते, आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

एका शनिवारी प्रकरण संपताच तिने हात वर केला.

"बाई, बग आहे. हा माणूस सुरुवातीला विधुर आहे असं क्लिअर लिहिलंय. आणि आज त्याची बायको त्याला चहा आणून देते. कोणी कॅच कसं नाही केलं?"

शफीभाई म्हणाले, त्याला आठवण येत असेल. मी म्हटलं, तीनच शक्यता आहेत: ही आठवण आहे, हा भास आहे, किंवा ही लेखकाची चूक आहे, आणि तिसरी आपण फक्त प्रेमापोटी बाजूला सारतो आहोत. मग बबनराव म्हणाले, "आमची मंडळी जाऊन किती सालं झाली. मी अजून सकाळी दोन कप काढतो. हात जातोच."

सगळे विरघळले. मला वाटलं, झालं, आता ह्यावर कोणी बोलणार नाही.

वसुधाबाई फार सौम्य आवाजात म्हणाल्या, "बबनराव, कप तुम्ही काढता. चहा त्या आणत नाहीत. प्रश्न तिथेच आहे."

बबनरावांनी विचार केला. "ते बी खरं हाय."

"मग?" राजश्रीने विचारलं. "बग ओपन ठेवायचा?"

"ओपन ठेव," बाई म्हणाल्या. जाताना जिन्यात बबनराव मला म्हणाले, "बाईंनी मला खोडलं, पन बरं वाटलं बगा. घरात ह्या विषयावर कुनी खोडतच न्हाई." हे वाक्य त्या लेखकाला मिळालं असतं, तर त्याने त्याचं काय केलं असतं, ह्याचा मी घरी जाईपर्यंत विचार करत होते.

*

आता मुख्य गोष्ट. ह्या लेखकाची शेवटची कादंबरी वसुधाबाईंनी वाचलेली नव्हती.

ती त्यांच्याकडे होती. बाकीच्या कादंबऱ्यांच्या रांगेत, अगदी उजवीकडे, खाकी कागदाचं कव्हर घालून. लेखक गेल्यानंतर ती बाहेर आली, आणि बाईंनी ती घेऊन तशीच ठेवली. "ह्यापुढे ते काही लिहिणार नाहीत," त्या म्हणत. "एक तरी पुढ्यात शिल्लक असावी. आपल्या माणसाचं अजून काहीतरी ऐकायचं आहे, ह्या जाणिवेत फार सुख असतं." ह्या म्हणण्यात तर्कदृष्ट्या अनेक अडचणी आहेत. मी त्या मांडल्याही. पण बाईंच्या आधी ती वाचायची नाही, हे आम्हा चौघांत न बोलता ठरून गेलं. माझ्या बाबतीत त्यात भक्तीपेक्षा हट्ट अधिक होता. मी ज्यांच्याकडून हा लेखक घेतला, त्यांच्यापुढे एक पुस्तक पळणं मला बरं दिसेना.

एकदा शफीभाई आले ते पडलेल्या चेहऱ्याने. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ती कादंबरी दिसली होती. हातात घेतली होती. उघडली होती.

"किती वाचलंत?" बाईंनी विचारलं.

"पहिलं वाक्य."

"विसरा."

"विसरतो, बाई."

"लगेच नको. मुद्दाम विसरायला गेलात तर पाठ होईल. घरी जाऊन जेवा, मग हळूहळू."

महिन्याभराने बाईंनी चौकशी केली. शफीभाई म्हणाले, "जवळजवळ विसरलो. फक्त त्यात एक 'परंतु' होतं, तेवढं जात नाही."

"परंतु तर त्यांच्या प्रत्येक वाक्यात असतं," बाई म्हणाल्या. "ते ठेवा."

*

मध्यंतरी बाहेरगावच्या विद्यापीठातली एक संशोधक तरुणी आम्हाला भेटायला आली. विषय होता ह्या लेखकाच्या वाचकांवरचा परिणाम. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि विचारलं, "ह्या लेखनाचा तुमच्या डेली लाइफवर काय इम्पॅक्ट झाला?"

"शनिवारी दुकानात नसतो," शफीभाई म्हणाले.

"मी सोसायटीच्या मीटिंगला जात न्हाई आता," बबनराव म्हणाले.

मी विचारलं, "परिणाम आणि योगायोग ह्यांत तुम्ही फरक कसा करणार आहात?" तिने तो प्रश्नच माझं उत्तर म्हणून लिहून घेतला.

मग ती बाईंकडे वळली. मोठ्या उत्साहात म्हणाली, "आणि मॅम, शेवटच्या कादंबरीत ती थोरली सून जेव्हा—"

राजश्री स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिने मिक्सर लावला.

मिक्सरच्या आवाजात पुढचं वाक्य बुडालं. पाहुणी थांबली. मिक्सर थांबला. पाहुणीने पुन्हा सुरुवात केली, "म्हणजे ती सून—" मिक्सर पुन्हा सुरू. असं चार-पाच वेळा झाल्यावर शफीभाईंनी तिला गॅलरीत नेऊन वस्तुस्थिती सांगितली. ती बिचारी इतकी घाबरली, की रेकॉर्डर विसरून निघाली. बबनराव तो द्यायला जिना उतरून धावले.

सगळं शांत झाल्यावर बाईंनी हाक मारली. "राजश्री, चटणी कुठे आहे?"

"चटणी नाही केली, बाई."

"मग एवढा वेळ काय वाटत होतीस?"

"सूनबाईंना," राजश्री म्हणाली.

*

बाईंचा नवा चष्मा झाला, आणि पंधरा दिवसांत तो बिनकामाचा ठरला. शफीभाईंनी भिंगं बदलून पाहिली. मग तपासणीची चौकट खाली ठेवून म्हणाले, "बाई, हे आता माझ्या दुकानातलं काम नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांनी निदान केलं: दोन्ही डोळ्यांतला नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही, आणि ते परत येणार नाही.

त्या शनिवारी आम्ही चौघं तोंडं पाडून बसलो होतो. बाई मात्र एखादा नवा सिद्धान्त कळल्यासारख्या सांगत होत्या. "मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. मी ज्या ओळीकडे पाहते, ती ओळ नाहीशी होते. तिच्या शेजारच्या ओळीकडे पाहिलं की ती गुपचूप परत येते. म्हणजे वाचायचं असेल, तर जे वाचायचं त्याकडे पाहायचं नाही. आपल्या लेखकांनी ह्यावर सहज एक प्रकरण लिहिलं असतं."

कोणी हसलं नाही. कारण सगळ्यांचं लक्ष कपाटातल्या त्या खाकी कव्हरकडे होतं. बाईंनी ती कादंबरी आत्ता, नजर थोडीफार आहे तोवर वाचली नाही, तर स्वतःच्या डोळ्यांनी त्या ती कधीच वाचू शकणार नव्हत्या. एवढी वर्षं राखलेलं सुख हातात असून हातचं जाणार होतं.

शेवटी राजश्रीच बोलली. "बाई, आता घ्या ना वाचायला. प्लीज."

"नाही," बाई म्हणाल्या. "राखून ठेवलेली वस्तू भीतीने संपवायची नसते."

*

त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या परीने युक्त्या केल्या.

शफीभाईंनी दिवा जोडलेलं एक मोठं भिंग आणलं. लेखकाचं आधी वाचलेलं एक पुस्तक त्याखाली ठेवून बाईंनी ओळ वाचली आणि भिंग बाजूला सारलं. "अक्षरं एवढी मोठी झाली, की वाक्य कुठे चाललंय तेच समजेना."

राजश्रीने त्याच पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून टॅबवर घातले. अक्षरं पुरेशी मोठी केल्यावर एका स्क्रीनवर एक शब्द मावू लागला. बाईंनी 'आणि' वाचलं, बोट सरकवलं, 'तरीही' वाचलं. "ह्या वेगाने," त्या म्हणाल्या, "नायक घरातून निघून दारापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल."

मग राजश्रीने मोबाइललाच त्यातलं एक पान वाचायला लावलं. मोबाइलमधली बाई खणखणीत आवाजात, कुठेही न थांबता वाचू लागली. वसुधाबाईंनी नियमाप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्या बाईंना सगळंच पटलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "वाचणारा कुठेतरी अडला पाहिजे. त्याशिवाय तो वाचतोय हे मला कळणार कसं?"

बबनरावांनी यंत्रावर विश्वास न ठेवता स्वतःच एक प्रकरण वाचून दाखवलं. अस्तित्वाविषयी बोलणारे दोन वृद्ध गृहस्थ त्यांच्या तोंडी बांधावरून भांडल्यासारखे बोलू लागले. बाई त्या दिवशी पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "बबनराव, हे दोघे एकमेकांचा इतका द्वेष करतात हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं." पण खाकी कव्हरच्या पुस्तकाला उत्तर तेच, नाही.

मला युक्ती सुचत नव्हती. मी वाद घातला. म्हटलं, "बाई, न वाचलेल्या पुस्तकाचं सुख हे वाचण्याच्या शक्यतेचं सुख आहे. शक्यताच गेली, तर उरतं काय?"

"चांगला युक्तिवाद आहे," बाई म्हणाल्या. "दोष मी पुढच्या शनिवारी सांगते."

*

पुढच्या शनिवारी राजश्री दारात उभी राहिली आणि बाईंनी विचारलं, "कोण आहे?"

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी. दिवसातून दोनदा येणारी. राजश्री म्हणाली, "मी, बाई," आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

ती आल्यावर बाईंनी मला सांगितलं, "काढ ते पुस्तक. उजवीकडचं."

शफीभाई म्हणाले, "बाई, आम्हाला घाई नाही."

"मलाही नाही. पण तुम्ही चौघं माझ्यापायी अडून बसला आहात. बबनरावांचं वय बघा."

"माझ्या वयाला काय झालं?"

"काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते."

वाचायचं कोणी, हा प्रश्न आला. राजश्रीचा आवाज चांगला, शफीभाईंचे उच्चार स्वच्छ. बाईंनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या किंचित डावीकडे पाहिलं. हल्ली त्यांना माणूस पाहायचा असला की त्या त्याच्या शेजारी पाहतात.

"ही वाचेल. हिला काहीही पटकन पटत नाही. हिच्या वाचण्यात मला विचार करायला वेळ मिळतो."

*

तेव्हापासून दर शनिवारी मी ती कादंबरी वाचते आहे. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, हात मांडीवर, मान थोडी कललेली. प्रकरण संपलं की आधी त्यांनी बोलायचं, असं आम्हीच ठरवलं. त्या फार बोलत नाहीत. "पुढच्या शनिवारी पाहू," म्हणतात. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भेटणाऱ्या पुस्तकासमोर माणूस जरा बुजतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

परवाच्या शनिवारी थोरल्या सुनेचं प्रकरण आलं. तिने घर सोडायचं ठरवलं आहे. सगळे झोपलेले आहेत. ती लुगड्याची घडी घालते, किल्ल्या देवघरासमोर ठेवते, आणि किल्ल्या ठेवल्यावरही आपण ह्या घरच्या आहोत का, ह्याचा उभ्याउभ्या विचार करते. पान तिथे संपलं. मी उलटलं आणि पुढे वाचू लागले. ती अंगणात आली आहे, फाटकाला हात लावून उभी आहे, आणि फाटक उघडणं हे जाणं झालं की जाण्याची तयारी, असा तिचा विचार चालला आहे. मागच्या पानाच्या तळाशी वाक्य पूर्ण झालं होतं, ह्या पानाच्या माथ्यावर नवा परिच्छेद सुरू होत होता. सांधा बेमालूम होता. मला काही जाणवलं नाही, आणि असले सांधे जाणवून घेण्याचा मी आयुष्यभर पगार घेतला आहे. शफीभाईंना जाणवलं नाही. चुका काढणाऱ्या राजश्रीलाही नाही.

"थांब," वसुधाबाई म्हणाल्या.

प्रकरणाच्या मधोमध. मी वाचायची थांबले ती त्यांच्या सांगण्यामुळे की नुसत्या आश्चर्याने, हे मला सांगता येणार नाही.

"दोन पानं एकदम उलटलीस तू," बाई म्हणाल्या. "ती आधी सासऱ्यांचं घड्याळ बंद करते. अंगणात नंतर येते."

मी पानं बोटांत धरून पाहिली. एकाला एक चिकटली होती. नखाने सोडवली. पहिल्याच ओळीत घड्याळ होतं. भिंतीवरचं, सासऱ्यांचं. ती स्टुलावर चढते, हलणारा लंबक मुठीत धरते, आणि घड्याळच थांबवल्यावर आपण किती वाजता गेलो असं ही माणसं म्हणतील, ह्यावर दोन्ही पानं भरलेली होती.

मी मान वर केली. शफीभाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. बबनराव एकदा बाईंकडे, एकदा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होते.

"बाई," राजश्री म्हणाली, "तुम्ही तर ही..."

"हं?" बाई म्हणाल्या.

बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि थांबला. बाईंनी मान पुन्हा थोडी कलती केली, हात मांडीवर नीट ठेवले, आणि माझ्या किंचित डावीकडे पाहत म्हणाल्या, "वाच ना. पुढे फार छान आहे."